एकोणीस कळ्या

त्या शनिवारी शाळा साडेअकराला सुटली आणि मी घरी न जाता थेट हिराकाकूंच्या वाडीकडे निघाले. आई तिथे रोपांच्या कामाला जायची. त्या दिवशीचं काम साधं होतं. आईच्या ट्रेमधल्या कळ्या खुडायच्या, काकूंना दाखवायच्या आणि परत यायचं. आई ते तासाभरात उरकायची.

पण आईचा उजवा हात तीन आठवड्यांपासून बधिर होत चालला होता. पालघरच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला, गोळ्या दिल्या. फरक पडला नाही. गुरुवारी तिच्या हातातून चहाची कपबशी सुटली आणि तिला ती सुटल्याचं कळलंही नाही. तेव्हा ती म्हणाली, "शनिवारी तूच जाऊन ये गो, रिद्धी. काकू ओरडतील नाहीतर."

रोज संध्याकाळी मी तिच्या तळहाताला तिळाचं तेल चोळायचे. चोळताना मला एक गोष्ट दिसली होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. आईच्या तळहातावरच्या रेषा पुसट होत होत्या. आधी बारीक गेल्या, मग मोठ्या. तिच्या तर्जनीखाली एक रेषा मोडून तिला दोन फाटे फुटतात. लहानपणी मी त्याला बेचकी म्हणायचे. त्या आठवड्यात ती बेचकी मला सापडेना. तळहात धुतलेल्या ताटलीसारखा दिसत होता.

मी फार बोलत नाही. वर्गात कुणी नुसतं नाव घेतलं तरी माझे कान तापतात. पण मला दिसतं मात्र सगळं.

केळव्याच्या बाजारात, तिठ्यावर सपनामावशी सुकट आणि बोंबील घेऊन बसली होती. ती दातिवऱ्याची. आईच्या आधी ती हिराकाकूंकडे कामाला होती. गेलं वर्षभर तिचा उजवा हात पदराखालीच असतो. तोलणं, बांधणं, सगळं डाव्या हाताने.

"कुटं चाललीस गो, भावनाच्या पोरी?"

"हिराकाकूंच्या वाडीत. आईचा हात..."

तिने तराजू खाली ठेवला. समोरची गिऱ्हाईक बाई म्हणाली, "अगो डावखुरे, आधी माझे बोंबील बांध, मग गप्पा मार." सपनामावशीने तिच्याकडे बघितलंही नाही. तिने पदर बाजूला केला आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. तिच्या तळहाताच्या मधोमध लहानपणी लागलेल्या गळाची खूण होती, गळासारखीच वाकडी. इतकी फिकी, की ठाऊक नसतं तर दिसली नसती. हात तसाच लोंबत होता. मग अंगठा हलला. अगदी थोडा.

"चार दिस झाले. हलतो," ती हळू आवाजात म्हणाली. "तुजी आई सांगत होती, माजा ट्रे फुलाला आलाय. कोपऱ्यात हाय. त्याला कुनी हात लावत नाय. फुलू दे. तू तुज्या आईचं बघ, पन माज्या ट्रेला हात नको लावू. बोल."

"नाही लावणार," मी म्हणाले.

हिराकाकूंची वाडी ही मूळची पानवाडी. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी तिथे विड्याच्या पानांचे वेल होते. वेलांना मर लागली तेव्हा काकूंनी त्याच जागेवर काळी शेडनेट चढवली आणि कुठूनशी ऑर्किडची रोपं आणली. फुलांची नव्हे, पानांची. त्यांचं पान मखमलीसारखं काळपट असतं आणि त्यावर सोनेरी शिरांचं जाळं चमकतं. कामाच्या बायका त्याला जरीचं पान म्हणतात. मुंबईचे लोक ते काचेच्या बरणीत लावून दिवाणखान्यात ठेवतात. त्याला फूल येऊ द्यायचं नाही, कारण झाडाचा सगळा जीव फुलात जातो आणि एका रात्रीत पानावरची जर उडते. म्हणून कळी दिसली की खुडायची.

झाडं बदलली, पण काकूंनी पानवाडीचे नियम बदलले नव्हते. आत अनवाणी जायचं. मोठ्याने बोलायचं नाही. बोटाच्या नखाने काही तोडायचं नाही, अंगठ्यात लोखंडी नखी घालायची. आणि सगळ्यात मोठा नियम, ज्या हाताने लावलं त्याच हाताने खुडायचं. म्हणून प्रत्येक ट्रेवर लावणारणीच्या नावाची चिठ्ठी असते.

काकू शेडच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"मुकीला पाठवलं होय? बूट काढ. वेणी मागे टाक, केस लागला तर पान कुजतं."

"काकू... ज्या हाताने लावलं..."

"आईची पोरगी म्हणजे आईचाच हात. तोंड चालवू नकोस, नखी चालव."

त्यांनी डाव्या हाताने नखी पुढे केली. तेव्हा मला मांडीवर उताणा पडलेला त्यांचा उजवा तळहात दिसला. त्यावर एकही रेषा नव्हती. मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

"काय टकामका बघतेस? सगळ्यात आधी माझाच गेला. तेव्हा विचारायला कोण आलं होतं? तुझी आई आली होती?"

मी नखी हातात घेतली.

"भावनाच्या ट्रेमध्ये एकोणीस कळ्या आहेत. गुरुवारी तिनेच मोजून सांगितल्यात. एकोणीस ह्या वाटीत पाहिजेत. आज राहिल्या तर रात्रीतून फुलतील. उद्या सकाळी ठाण्याचा माणूस येतोय, तो ट्रे घेऊन जाणार आहे."

"ट्रे गेला की मग... आईचा हात?"

काकू हसल्या. "लाडकीचा ट्रे गेला ना पुण्याला. जा, लाडकीला विचार."

लाडकीला विचारायची गरज नव्हती. तीही काकूंकडेच कामाला होती, सफाळ्याच्या मागच्या डोंगरातली. मी तिला स्टेशनवर बघितलं होतं. तिचा हात खांद्यापासून वाळल्या दोडक्यासारखा लटकत होता आणि तिचं मूल त्याला धरून चालत होतं.

"तुम्ही येता का आत, दाखवायला?" मी विचारलं.

"मी आत येत नाही," काकू म्हणाल्या. "आतली पानं मला ओळखतात."

बाहेर टळटळीत ऊन होतं, पण आत विहिरीतल्यासारखा उजेड. फॉगरचं बारीक धुकं सुटलेलं, त्याचा सू-सू असा एकसारखा आवाज. पायाखाली ओला काथ्या. शेवाळाचा वास होता, कुजलेल्या नागवेलीचा जुना तिखट वास होता आणि त्याखाली आणखी एक. बराच वेळ पट्टी बांधून ठेवलेलं बोट सोडल्यावर येतो तो.

आईचा ट्रे तिसऱ्या रांगेत होता. चिठ्ठीवर आईचंच अक्षर, 'भावना'. मी वाकले.

प्रत्येक पानावर बेचकी होती.

आधी वाटलं, पानांच्या शिरा अशाच असतील. मी शेजारचा ट्रे बघितला, त्याच्या शेजारचा बघितला. प्रत्येक ट्रेचं जाळं निराळं. पण एका ट्रेमधल्या सगळ्या पानांवर एकच. आईच्या ट्रेमध्ये ती मोडलेली रेषा, ते दोन फाटे, अंगठ्याखालच्या तीन आडव्या रेघा, सगळं होतं. जे माझ्या बोटांखालून रोज थोडं थोडं नाहीसं झालं होतं, ते इथे सोन्यात उमटलं होतं. मी एका पानावर बोट ठेवलं. पान कोमट होतं. आणि त्याच्या कडा हळूच आत वळल्या, झोपलेल्या बाळाच्या मुठीत बोट दिल्यावर ती मिटते तशा.

मी बोट ओढून घेतलं.

"किती झाल्या?" दारातून काकूंचा आवाज आला.

"एक..." मी खोटं बोलले.

पानांमधून देठ वर आले होते, त्यांवर पांढऱ्या टपोऱ्या कळ्या. एकोणीसच. त्या फुलल्या की जर उडणार. जर उडाली की ठाण्याचा माणूस ट्रे घेणार नाही. आणि उडालेली जर कुठे जाईल, ते सपनामावशीच्या अंगठ्याने मला सांगितलं होतं. मला फक्त काहीच न करता परत जायचं होतं. पण वाटी रिकामी होती.

मी इकडेतिकडे बघितलं. बाकीच्या ट्रेंमध्ये कळी नव्हती. सगळ्या वेळच्या वेळी खुडलेल्या.

फक्त कोपऱ्यात होत्या.

'सपना' असं लिहिलेली चिठ्ठी ओलीने फुगली होती. पानांची जर आधीच विटली होती. मधोमध गळासारखी वाकडी रेघ, जुन्या साडीच्या काठासारखी फिकी. वर कळ्या. तेवीस. त्यांच्या टोकांना चीर पडली होती. त्या आज रात्रीच फुलणार होत्या.

"झोपलीस काय गो मुके?"

"नाही, काकू."

मी नखी घातली. ती माझ्या अंगठ्यात बरोबर बसली. माझा अंगठा आईच्यापेक्षा बारीक आहे, तरी बसली.

पहिली कळी तुटली तेव्हा टक् असा आवाज झाला, आणि कुणीतरी दातांवर दात दाबून श्वास आत ओढावा तसा दुसरा. फॉगरचा असेल. मी दुसरी खुडली. तिसरी. कळी तुटली की त्या रोपाच्या पानांवरची जर हळूहळू परत पेटायची. गळ ठळक व्हायचा.

"किती?"

"सात..."

मी सपनामावशीचा चेहरा आठवायचा नाही असं ठरवलं. मी आईचा हात आठवत राहिले. बारा. तेरा. पंधराव्या कळीला माझा हात मला न विचारता पुढच्या देठाकडे गेला. त्यानंतर तो माझ्यापेक्षा वेगाने चालला.

"किती...?"

"एकोणीस."

मी वळले तेव्हा कोपऱ्यातल्या ट्रेची सगळी पानं माझ्या बाजूला झुकली होती. वारा नव्हता.

काकूंनी वाटीतल्या कळ्या एकेक करून मोजल्या. मग वाटी नाकाशी नेली.

"ह्यांना सुकटीचा वास कसा गो?"

मी नखी काढून पुढे केली. काकूंनी वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उठून मला मारतील. पण त्या हसल्या.

"दिसतेस तशी नाहीस. जा घरी. नखी राहू दे तुझ्याकडेच."

रविवारी सकाळी आईने गॅसवरून चहाचं भांडं उतरवलं. उजव्या हाताने. तिला ते आधी कळलंच नाही, मग कळलं आणि ती रडायला लागली. मी तिचा तळहात उघडून बघितला. बेचकी जागेवर होती. मी आईला घट्ट धरलं. त्याच दुपारी केळव्याच्या खाडीवर गेले आणि नखी जितकी लांब फेकता येईल तितकी फेकली.

सोमवारी शाळेत जाताना तिठ्यावरून गेले. दुसरा रस्ता लांबचा आहे, नाहीतर गेले नसते. सपनामावशी बसली होती. पदर उजव्या हातावर ओढलेला. मी ठरवलं होतं की माफी मागायची, म्हणून तिच्यापुढे थांबले. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती.

मंगळवारी गणिताच्या तासाला मला तळहाताच्या मधोमध एक रेघ दिसली. पेनाची असेल म्हणून मी थुंकी लावून पुसली. बुधवारी ती वाकडी झाली. गुरुवारी आईने ओले बोंबील आणले आणि दार वाजलं म्हणून उठली. परत आली तेव्हा मी मोरीत बसले होते, सगळे बोंबील साफ करून, डोकी एका बाजूला, काटे एका बाजूला. मी त्याआधी मासळीला कधी हात लावला नव्हता. मला वासाने मळमळतं.

"कुणी शिकवलं गो तुला?" आई कौतुकाने म्हणाली.

आज शनिवार. शाळेत निघायच्या गडबडीत काकूंचा फोन आला. आईने उचलला, ऐकलं आणि माझ्यापुढे धरला. "तुलाच बोलवतात."

"सपनाच्या ट्रेमध्ये चार राहिल्यात, फुलायच्या थांबल्यात," काकू म्हणाल्या. "त्यांना आता तुझाच हात लागतो."

"मी येणार नाही," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने मी आजवर बोलले नव्हते. "कधीच येणार नाही." मी फोन ठेवला.

आई माझ्याकडे बघत होती.

"नाही ना जायचं? मग बूट कशाला काढलेस?"

मी खाली बघितलं. मी अंगणात उभी होते, अनवाणी. वेणी मागे टाकलेली. बूट पायरीवर नीट जोडून ठेवलेले.

आणि उजव्या अंगठ्यात नखी होती. तिच्यातून अजून खाडीचं पाणी ठिबकत होतं.