बिजलीची अंडी

मधे एक काचेची फळी होती. फळीच्या अलीकडे बिजली, पलीकडे नवरदेव. फळी उचलायची का नाही, एवढाच प्रश्न; पण त्यानं गुणवंत खोब्रागड्याला पंधरा दिवस जेवण गोड लागू दिलं नव्हतं.

नवरदेव तरणा होता. पिवळाधमक, शेपूट जाडजूड, अन् डोळे चाटत बसलेला. बिजली आठ वर्षांची. पालीच्या हिशेबानं साठीला आलेली बाई. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं अन् तोंड फिरवलं.

"पोरगा पसंत नाही तिले," गुणवंतची बायको सिंधू म्हणाली.

"तू गप बस नं," गुणवंत म्हणाला. "घरी तर म्हणतेस, पाल हाये, झाडूनं हाणा. अन् इथं पोरगा पाहून राह्यली."

चंद्रपुरात पारा पन्नासाला टेकायला लागून दहा वर्षं झाली होती. घरोघरी नवेनवे ताप आले होते, अन् त्याच दिवसांत या प्रयोगशाळेनं राखणपाल तयार केली. डॉक्टर रेहाना काझी तिथल्या मुख्य. बाई हुशार, बोलणं साधं. सिंधू पहिल्यांदाच आली होती, म्हणून त्यांनी खुर्ची ओढली अन् समजावून सांगितलं.

"काकू, माणसाचं अंग दिवसभर सारखं गरम नसतं. पहाटे उतरतं, संध्याकाळी चढतं. प्रत्येकाचं चढणं-उतरणं वेगळं. त्याला आम्ही तापताल म्हणतो. राखणपालीचं अंडं चाळीस दिवस माणसाच्या अंगाला बांधून ठेवायचं, या उबपिशवीत. आतलं पिल्लू त्या माणसाचा ताल शिकतं. मग जन्मभर ते भिंतीवर बसून, नाकाजवळच्या खळ्यांनी त्या माणसाची ऊब बघत राहतं. ताल चुकला की चुकचुकतं. डॉक्टरला कळायच्या महिना महिना आधी."

"आमच्याकडं पाल चुकचुकली का अपशकुन म्हणत," सिंधू म्हणाली.

"तेच. फक्त आता त्यावर औषध आहे."

गुणवंतचं दुखणं बिजलीनं दोनदा पकडलं होतं. एकदा कावीळ, एकदा मूत्रपिंडातला जंतूंचा ताप. दोन्ही वेळा माणूस ठणठणीत दिसत होता अन् पाल भिंतीवर बोंबलत होती. तेव्हापासून तो बिजलीला हातानं झुरळं भरवायचा. आधी स्वतः भात खायचा नाही.

अन् म्हणूनच त्याला अंडी हवी होती. सिंधूसाठी. तिच्या तोंडातून दुखणं म्हणून कधी बाहेर यायचं नाही. हात भाजला तर पदराखाली झाकेल, पण फुंकर मारायला कोणाला सांगणार नाही. अलीकडं तिची पोलकी सैल झाली होती. विचारलं तर म्हणायची, शिंप्यानंच सैल शिवली. नव्या अंड्यासाठी रांग नऊ वर्षांची. पण आपल्याच पालीचं अंडं असेल तर बायकोला लगेच मिळतं, असा नियम.

"धोका पुन्हा सांगते," रेहानाबाई म्हणाल्या. "या वयात अंडी धरली तर कवचासाठी चुना तिच्या हाडांतून जातो. दहातल्या चार वाचत नाहीत. अन् हा शेवटचा मोसम. लवकर ठरवा."

"फळी उचला," गुणवंत म्हणाला.

"खबरदार!" सिंधू उभी राहिली. "माह्यासाठी तिचा जीव घेता का? मले नाही पाहिजे पाल-बिल. मी ठणठणीत हाये."

"तू ठणठणीत हायेस हे कोण म्हणते? तूच नं? मले आता तुह्यावर भरवसा नाही."

"पस्तीस वर्षं होता!"

"तेव्हा पोलकी मापाची होती!"

रेहानाबाईंनी दोन्ही हात वर केले. "आणखी एक सांगायचं राहिलंय. तीन महिने बिजली रोज चुकचुकते आहे. काकांचं रक्त, छाती, सगळं चार वेळा तपासलं. काही नाही. म्हणजे तिच्या खळ्या म्हातारपणानं बिघडल्या असाव्यात. बिघडलेल्या पालीची अंडी घ्यायची का, हाही विचार करा."

बिघडली म्हटल्यावर गुणवंतला राग आला. माणूस अडतीस वर्षं वीजघरात बॉयलरवर होता. शाळा चौथीपर्यंत, पण पाइपावर हात ठेवून वाफेचा दाब सांगायचा.

"बाई, भोंगा वाजला का नवा माणूस पहिले म्हणते, भोंगाच बिघडला. भोंगा खोटं बोलत नाही."

"मग ती कशासाठी वाजते? अन् तेही रोज दुपारी चारनंतरच? सकाळी गप्प असते."

"दुपारी चार," गुणवंत म्हणाला.

त्याला त्याचा वीजघरातला पहिला महिना आठवला. पाच नंबर अन् सहा नंबर, दोन बॉयलर, पण भोंगा एकच. तो वाजला तसा हा पठ्ठ्या पाच नंबरकडं धावला, सगळे व्हॉल्व्ह पिळले, घामाघूम झाला. पाचाला काहीच झालं नव्हतं. पाणी सहाचं आटलं होतं. म्हातारा फोरमन आला, पहिले सहाचं पाणी सुरू केलं, मग याच्या कानाखाली एक काढली. म्हणाला, भोंगा एक असला म्हणून बॉयलर एक असतो का रे, गाढवा?

गुणवंतनं हळूच सिंधूकडं पाहिलं. सिंधू खिडकीबाहेर पाहायला लागली.

"बाई," तो म्हणाला, "एक चूक सांगायची हाये. आठ वर्षं जुनी. रागावू नका."

"काय केलंत?"

"तुम्ही म्हटलं होतं, अंडं चाळीस दिवस अंगापासून दूर करायचं नाही. मी सही केली. पण मही दुसरी पाळी होती, तीन ते अकरा. बॉयलरपाशी पंचावन डिग्री. तिथं अंडं नेलं असतं तर उकडून निघालं असतं. रजा कोणी देईना. मंग…"

"मग अंडं कुठं होतं?"

गुणवंतनं बोट दाखवलं.

"माह्या कंबरेले," सिंधू खिडकीशीच बोलल्यासारखं बोलली. "रोज पावणेतीनले हे बांधून देत, अन् अकराले आले का सोडून घेत. शिसारी यायची मले. पण जीव होता नं त्याच्यात. वाकून झाडायचीसुद्धा नाही मी. चाळीस दिवस पोळ्या उभ्यानं लाटल्या."

रेहानाबाई रागावल्या नाहीत. त्या खुर्चीत मागं टेकल्या अन् बिजलीकडं वळल्या.

"एक पाल, एक माणूस," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आम्ही असंच छापलंय. सगळ्या पुस्तिकांत. दोघांच्या अंगावर अंडं कोणी ठेवून बघितलंच नाही, कारण ठेवू नका असं आम्हीच लिहिलं होतं. तिला सकाळ तुमची मिळाली, काका. दुपार-संध्याकाळ काकूंची. ती तेवढंच शिकली." त्या उठल्या. "काकू, इकडं बसा. तोंड उघडा."

चार वाजून गेले होते, बिजली चुकचुकायला लागली होती. तापमापी नव्याण्णवाच्या वर गेली, पुढं आणखी सात रेघा चढली.

"किती दिवसांपासून?"

सिंधूनं पदर सारखा केला.

"काकू, बिजलीनं सांगितलंय. आता लपवून काय फायदा?"

"तीन महिने," सिंधू म्हणाली. "संध्याकाळी थोडंसं अंग कढत होते. एक गोळी घेतली का उतरते. यांले सांगितलं असतं तर यांनी गाव गोळा केला असता."

"केलाच असता!" गुणवंत ओरडला. मग एकदम खाली बसला. "मी सकाळी चार वेळा रक्त देऊन आलो, अन् आटत होतं सहा नंबरचं पाणी."

"मले बॉयलर म्हणून राह्यले का?"

"हाव! अन् तोही बिनझडपेचा!"

छातीचा फोटो त्याच दिवशी निघाला, बाकीच्या तपासण्या आठवड्यात आल्या. फुप्फुसाच्या कोपऱ्यात रुपयाएवढा डाग. क्षय, पण नुकताच धरलेला. सहा महिने गोळ्या नेमानं घेतल्या तर बाई मोकळी. आणखी वर्षभर कोणाला कळलं नसतं तर काय झालं असतं, ते रेहानाबाईंनी सांगितलं नाही, अन् गुणवंतनं विचारलं नाही.

विचारलं रेहानाबाईंनीच, वेगळं काहीतरी. निकाल ऐकायला दोघं बिजलीसकट पुन्हा आले होते, अन् बाईंचा हात फळीच्या मुठीवर होता.

"काका, आता तर अंडी हवीतच. दोन माणसं राखणारी पाल जगात ही एकच आहे. तिची पिल्लं झाली, तर विचार करा. नियम बदलून घेईन मी. बिजलीला उत्तम जेवण, उत्तम देखभाल."

गुणवंतनं डोकं खाजवलं.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. पण मले सांगा, दोन माणसं राखायचं हे तिच्या रक्तात हाये, का त्या पिशवीत होतं?"

रेहानाबाईंचा हात मुठीवरून खाली आला.

"पिशवीत," त्या म्हणाल्या.

"मंग तिची हाडं काऊन झिजवायची? कोणतंही अंडं घ्या, दोन कंबरांले बांधा. तुमची नऊ वर्षांची रांग एका झटक्यात निम्मी होते. अन् माह्या घरचं म्हणाल, तर हिच्यासाठी पाल आणायले आलो होतो. ती तर आठ वर्षं भिंतीवरच बसली हाये." तो हसला. "फक्त मही दुपार तेवढी वाऱ्यावर होती."

"तुमच्या दुपारीले मी हाये नं," सिंधू म्हणाली. मग तिनं बिजलीच्या पेटीचं झाकण उघडलं, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा पालीला हात लावला. एक बोट, पाठीवर, उगीच थोडंसं. "म्हातारपणी कुठं बाळंतपण करतेस, बाई? चल घरी."

नवरदेव डोळे चाटत बसला. त्याचं दुसरीकडं जमलं म्हणतात.

गोळ्या लागू पडल्या. दुसऱ्या महिन्यात बिजलीचं चुकचुकणं कमी झालं, चौथ्यात थांबलं. सिंधूनं शिंप्याकडं पोलकी आवळायला दिली होती, ती तशीच परत आणली. प्रयोगशाळेनं पुस्तिका नव्यानं छापली अन् नवरा-बायकोच्या पावणेतीनशे जोड्यांना एकेक अंडं दिलं. गुणवंत तिथं जाऊन पिशवी बांधायची कशी ते दाखवायचा. सैलही नको, घट्टही नको, म्हणायचा, पाइपाच्या वायसरसारखी.

एका दुपारी तो घरी बिजलीला झुरळ दाखवत होता. वीजघराचा पावणेतीनचा भोंगा झाला अन् त्याच वेळी बिजली चुकचुकली. एकदाच, पण स्पष्ट.

सिंधू हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली.

पावणेतीन म्हणजे पाळीवर निघायची वेळ. त्या घटकेला अंडं एका कंबरेवरून दुसऱ्या कंबरेवर चाललेलं असायचं. तेव्हाचा ताल कोणाचा, हे रेहानाबाईंनाही सांगता आलं नसतं.

"तुमचं दिसते," सिंधू म्हणाली, अन् त्याच्या कपाळावर पिठाचा हात ठेवला.

"मले तर तुह्यं वाटते," गुणवंत म्हणाला, अन् तिच्या कपाळावर आपला हात ठेवला.

"काही समजते का?"

"थांब नं. पाइपावरचा हात इतक्या लवकर काढत नसतात."

बिजलीनं झुरळ गिळलं अन् वरून दोघांकडं पाहत बसली.