मनात धरलेला आकडा

उपग्रहाची मोजणी रोज अकराला आमच्या कॉम्प्युटरवर उतरते. एक अजस्र तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा एक मेलेला, इवलासा तारा. दर अडतीस दिवसांनी दोघं जवळ आले, की क्ष-किरणांचा स्फोट होतो. एकोणीस वर्षं प्रत्येक स्फोटाचा सर्वांत वरचा आकडा मामा हातानं रजिस्टरात लिहितो. सख्खा मामा, या कामाला मला त्यानंच लावलं. माझा प्रबंध त्याच रजिस्टरावर उभा आहे.

गेल्या स्फोटाच्या दिवशी मी पावणेअकराला खोलीत शिरले, तर आकडा लिहून झालेला होता. अकराला तोच उतरला.

"अंदाज का रे?" मी हसून विचारलं.

"सवय," म्हणून त्यानं पेनाला टोपण लावलं.

माझं हसू विरलं. मामा मोजणीत हात घालत असेल, तर त्याची एकोणीस वर्षं आणि माझी पाच, सगळंच मुसळ केरात. आईला काय सांगू? पण एकदा संशयाचं भूत मानेवर बसलं, की ते नातं बघत नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. निरीक्षकाची परीक्षा घ्यायला कुणीतरी गुपचूप मोजणीवर खोटा स्फोट चढवतं. शुक्रवारी मी रजिस्टर माझ्या कपाटात कुलूपबंद केलं, किल्ली गळ्यात घातली. सोमवारी तारा शांत असायला हवा होता. सकाळी केस विंचरताना मनात आकडा धरला, चारशे सतरा. दहाला तोच, अकराच्या मोजणीवर चढेल असा लावून ठेवला.

अकरा वाजले. मी कपाट उघडून रजिस्टर मामापुढे ठेवलं. त्यानं पडद्याकडे पाहिलंही नाही.

"लिहिलंय."

पान उघडलं. सोमवारची तारीख. चारशे सतरा. शाई केव्हाच वाळलेली.

"आता तुझा खोटा काढ," तो हळूच म्हणाला.

मी काढला. खाली उपग्रहाची खरी मोजणी होती.

चारशे सतरा.

तो प्रकाश ताऱ्यापासून निघाला, त्याला सात हजार वर्षं झाली.

मामा खोटा नव्हता. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही.

"मामा, हे तू कधी लिहिलंस?"

"माझं अक्षर तरी आहे का ते?"

मी वाकून पाहिलं. खालच्या ओळीत उद्याची तारीख होती, आकडाही होता. दोन्ही ओळींतलं अक्षर माझं होतं. बोट फिरवलं, तर शाई पसरली.