उंबरे नसलेलं घर

"बाई, मी घेतेय ना ते घर, त्याच्या भिंतीतून कुणीतरी ठोकतंय."

फोनवर वकीलबाईंची अशील होती, शिवणकाम करणारी. पडद्यांची मापं घ्यायला ती सकाळी त्या घरी गेली होती. खरेदीखत उद्यावर आलं होतं.

"मालक काय म्हणाला?"

"पाण्याचा पाइप वाजतो म्हणाला. पण मी उलट टकटक केली, तर पाइपाने उत्तर दिलं. मी तशीच पळत बाहेर आले."

वकीलबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या मुळातच भित्र्या. लिफ्ट अडकेल म्हणून जिने चढायच्या, कोर्टात कुणाचा आवाज चढला की त्यांना घाम फुटायचा. म्हणूनच त्यांनी घरांच्या व्यवहाराची बिनभांडणाची कामं धरली होती. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो, तो त्यांना घरांतही गाठायचा.

या घराचं प्रकरण त्यांना पाठ होतं. मालकाच्या काकांनी मृत्युपत्रात घर त्याला, म्हणजे पुतण्याला दिलं होतं, पण एका अटीवर. काकू जिवंत असेपर्यंत तिथेच राहणार, आणि त्यांच्या संमतीशिवाय घर विकता येणार नाही. काकू राजी आहेत, असं पुतण्या सांगत होता.

वकीलबाई टॅक्सीने त्या घरापाशी पोचल्या, तेव्हा शिवणवाली फाटकाला धरून उभी होती. वकीलबाईंनी टॅक्सीवाल्याला विनवलं, "दादा, दारातच थांबा. हाक मारली तर आत या."

"भूतबित आहे का?"

"भूत असतं तर बरं," वकीलबाई म्हणाल्या.

दोघी आत गेल्या. पुतण्या हसतमुख होता. खुर्चीत पांढऱ्या केसांच्या काकू बसल्या होत्या, अगदी मऊ चेहऱ्याच्या. भिंतीतून आता काहीच आवाज येत नव्हता.

"नेहमीचेच प्रश्न आहेत," त्या म्हणाल्या. "घरात कोण कोण राहतं?"

"फक्त काकू. मी येऊन-जाऊन असतो."

"काकू, तुमची संमती आहे?"

"हो ना. एवढं घर झेपत नाही आता."

"घरात काही फेरफार केलेत? तोडफोड, नवीन बांधकाम?"

"एक वीटही हलवलेली नाही," पुतण्या म्हणाला.

वकीलबाईंनी पाणी मागितलं. काकू तरातरा आत गेल्या. स्वयंपाकघरातला दिवा लावायला त्यांचा हात खांद्याच्या उंचीवर भिंत चाचपत राहिला. बटण कमरेच्याही खाली होतं. ओटा इतका बुटका, की पेला भरायला काकूंना कमरेत वाकावं लागलं. ओट्याखाली एकही कपाट नव्हतं, जागा मोकळी सोडलेली होती.

वकीलबाईंची नजर जमिनीकडे गेली. उंबरे कुठेच नव्हते. त्यांच्या जागी सिमेंटचे पट्टे होते. दारांच्या चौकटी खालच्या अंगाला खरचटलेल्या होत्या. फरशीवर दोन काळसर रेघा जोडीने स्वयंपाकघरातून निघून बैठकीत येत होत्या आणि भिंतीपाशी एका मोठ्या लाकडी कपाटाखाली शिरत होत्या.

त्यांना पळून जावं असं फार वाटलं. तेवढ्यात पुतण्या बाहेरचं दार लावायला वळला.

"दादा, आत या," त्यांनी हाक मारली. आवाज चिरकला, पण निघाला.

टॅक्सीवाला धिप्पाड होता. तो दारात उभा राहिला आणि पुतण्या जागीच थबकला.

"ताई, कपाटाला हात लावा," वकीलबाई शिवणवालीला म्हणाल्या, आणि दोघी रेटू लागल्या.

"हा काय प्रकार आहे?" पुतण्या ओरडला.

"फेरफार," वकीलबाई धापा टाकत म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, वीटही हलवली नाही. मग उंबरे कुणी काढले? बटणं खाली कुणी आणली? ओट्याखाली जागा कशाला ठेवली? बसल्या माणसाचे गुडघे मावावेत म्हणून. या घरात चाकांच्या खुर्चीवरचं माणूस राहतं. फरशीवर चाकांच्या रेघा आहेत, चौकटींना चाकांचेच ओरखडे आहेत. आणि तुमच्या काकू तरातरा चालतात, पण स्वतःच्या घरातला दिवा त्यांना सापडत नाही."

"चाकं कपाटात जात नाहीत," शिवणवाली पुटपुटली. "मागे खोली आहे."

"खरी काकू नाही म्हणाली," वकीलबाई म्हणाल्या. "म्हणून उद्याची सही होईपर्यंत तिला कोंडलं आणि हो म्हणणारी दुसरी आणून बसवली."

खोट्या काकूच्या हातातला पेला खाली पडला. "मी याची सासू," ती रडत म्हणाली. "नुसती सही करायची म्हणाला. आत माणूस आहे हे मला नाही सांगितलं हो."

पुतण्याने मान खाली घातली. "ती ऐकतच नव्हती," एवढंच तो बोलला.

कपाट सरकलं. मागे बाहेरून कडी घातलेलं दार होतं. आत मिट्ट काळोख. लिफ्टला भिणाऱ्या वकीलबाई कुणी सांगायच्या आधीच आत शिरल्या. दारातून आलेल्या उजेडात दिसलं, चाकांची खुर्ची घडी करून माळ्यावर टाकलेली होती. भिंतीला टेकून एक म्हातारी जमिनीवर बसली होती, हातात चमचा. डोळे मिटलेले.

वकीलबाईंनी तिचा हात धरला. हात गरम होता. त्यांना रडूच कोसळलं. मग सवयीने, काय बोलावं ते न सुचून, त्यांनी आपला नेहमीचाच प्रश्न विचारला.

"काकू, मी वकील. हे घर विकायला तुमची संमती आहे का?"

म्हातारीने सावकाश डोळे उघडले.

"आधी पाणी दे, बाळ," ती म्हणाली. "मग नाही म्हणते."