चौसष्ट बाइटांचा समुद्र

या, जरा जवळ सरकून बसा. एका समुद्राची गोष्ट सांगायची आहे. समुद्र इतका लहान, की पोस्टकार्डावर उतरवला तरी पत्त्याला जागा उरेल. पण त्या दयाघनाने ज्याच्या मनात लाट घातली, त्याचं जागेवाचून कधी अडलं आहे का?

तिला सगळे चिक्कू म्हणत. खाऊपिऊ घालण्यात हात चांगला सढळ. चिकटपणा सगळा बाइटांत. कॉम्प्युटरला थेट त्याच्या भाषेत, असेम्ब्लीत, सूचना लिहायच्या आणि मूठभर बाइटांत पडद्यावर हलतं चित्र उभं करायचं, हा तिचा छंद. बाइट म्हणजे एका अक्षराएवढी जागा. त्या दिवशीच्या स्पर्धेत मर्यादा होती चौसष्टची.

ही विद्या तिला आत्याने दिली होती. आत्याने उभी हयात वजनकाट्यांच्या पोटातले प्रोग्राम लिहिले, तेही कारखान्याच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून. समुद्र पाहायचा राहूनच गेला. आता समुद्र चार दिवसांच्या वाटेवर आणि आत्याचे गुडघे दोन जिन्यांचेही नाहीत. त्यात डोळे मंदावत चाललेले. घरचा छोटा पडदा तिला दिसेनासा झाला होता. सभागृहाचा भिंतभर पडदा अजून दिसेल, एवढीच आशा. म्हणून चिक्कूने समुद्र लिहिला, आणि तो दाखवायला हाच एक दिवस होता.

सकाळी ती सभागृहामागच्या खोलीत शिरली, तर टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले.

“तो स्क्रू-ड्रायव्हर द्या बरं जरा,” पाय बोलले.

तिने दिला.

“याहून लहान.”

तिने दुसरा दिला.

“अजून लहान नाही का?”

“लहान गोष्टींचं मला सांगू नका,” ती म्हणाली आणि पेटीतला सगळ्यात बारका काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

टेबलाखालून चेहरा बाहेर आला. कपाळावर धूळ, आणि डोळ्यांत... काय होतं कोण जाणे, तिने पटकन भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर पाटी होती : ‘एस्केपची कळ दाबल्यावर जो प्रोग्राम बाहेर पडणार नाही, तो लावला जाणार नाही.’

तो दुरुस्तीवाला. स्पर्धेचं मशीन त्याचं स्वतःचं, तीस वर्षांचं. एकदा चालू झालं की गुणी. पण मध्येच अडकलं आणि पुन्हा सुरू करायला गेलं, की कधी उठे, कधी रुसून बसे. आणि असं दुसरं मशीन त्याच्याकडे नव्हतं. पाटी त्यासाठी.

तिने आपली फ्लॉपी दिली. त्याने लावली. पडदा काळा. कोपऱ्यात एक रेघ तेवढी थरथरत होती. समुद्राचा पत्ता नाही.

चूक तिला लगेच कळली. प्रोसेसरच्या हाताशी आकडे ठेवायचे छोटे कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. त्यातला एक सुरुवातीला रिकामा असेल, असं ती धरून चालली होती. घरी ती जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर तपासत असे; तिथे तो कप्पा नेहमी स्वच्छ.

“माझं मशीन जुनं आहे हो,” तो हळूच म्हणाला. “आधीच्याचं काहीबाही राहिलेलं असतं त्याच्यात.”

कप्पा पुसायला दोन बाइट लागणार होते. तिचे चौसष्टच्या चौसष्ट भरलेले. अकरा वाजले होते आणि बाराला प्रवेशिका बंद.

ती कागद पेन्सिल घेऊन बसली. तोही स्टूल ओढून बसला. चंद्र काढून टाकला तर? समुद्र आंधळा होतो. लाटेचा कल काढला तर? ताटात ओतलेलं पाणी. तिची पेन्सिल पुन्हा पुन्हा शेवटच्या ओळींवर जाऊन थबके आणि मागे फिरे. एस्केप दाबला का ते पाहून बाहेर पडण्याच्या त्या सूचना... सात बाइट.

“ते सात काढून नुसती मागे उडी घातली, तर दोनांत भागेल,” तो म्हणाला. “पाच सुटतात. बंद मात्र स्विचनेच करावं लागेल.”

“तुमची पाटी वाचली आहे मी.”

तो उठला, भिंतीवरची पाटी काढली आणि टेबलावर पालथी ठेवली.

“आणि मशीन नाही उठलं परत?”

“नाही उठलं तर नाही उठलं. परीक्षकांना सांगून शेवटचा क्रमांक लावतो. तुझ्यानंतर कुणी नाही...” तो अडखळला. “म्हणजे, तुमच्यानंतर.”

“राहू द्या,” ती म्हणाली. मग कागदाकडेच बघत, “राहू दे.”

दोन बाइटांत कप्पा पुसला. तीन उरले. इतरांनी त्यात चांदण्या केल्या असत्या. तिने ते लाटांची चाल मंद करण्यात घातले.

“का?” त्याने विचारलं.

“आत्याच्या डोळ्यांना घाई झेपत नाही.”

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तिची पेन्सिल हातातून निसटली. वाकून उचलायला दोघेही गेले, आणि धूळ आता तिच्याही कपाळाला लागली.

दुपारी आत्या दुसऱ्या रांगेत बसली होती, शेजारी चिक्कू. पडद्यावर इतरांच्या आगी झाल्या, बोगदे झाले. शेवटी पडदा काळा झाला. चिक्कूने देवाचं नाव घेतलं. मग काळोखातून एक लाट उठली, कलली, चंद्राखालून सावकाश पुढे आली. तिच्यामागून दुसरी.

“किती बाइट?” आत्याने विचारलं.

“चौसष्ट.”

“एखादा तरी वाचवायचास, आळशी कुठली.” पण नजर पडद्यावरून हलेना. बऱ्याच वेळाने तिने चिक्कूचा हात धरला. “पाणी येतंय गं... माझ्याकडेच येतंय.”

बक्षीस तिसरं मिळालं. ते घ्यायलाही चिक्कू उठली नाही. खुर्च्या एकावर एक चढल्या, माणसं पांगली. समुद्र चालूच. दुरुस्तीवाला स्विचपाशी उभा होता, हात मात्र पाठीशी.

चिक्कू त्याच्याजवळ गेली. “बंद करायचं ना?”

“आत्यांचं पाहून होऊ दे.”

“आत्या काही लवकर उठणार नाही.”

“मग बरंच आहे.” तो जरा थांबला. “तूही थांबशील.”

ती ओठांतल्या ओठांत हसली. “ऐक, बाहेर पडायची वाट मीच काढून टाकली आहे. सकाळीच.”

“परत घालू नकोस.”

“सात बाइट लागतात त्याला,” ती म्हणाली. “माझ्याकडे कुठे आहेत?”

“पोरी,” मागून आत्याचा आवाज आला, “डोळे गेलेत माझे. कान नाही.”

त्या दयाघनाच्या कृपेने सगळं गोड झालं. मशीनसुद्धा दुसऱ्या दिवशी पहिल्या फटक्यात उठलं, आणि त्या दोघांच्या घरात ते अजून आहे.

एवढंच मागणं आहे. कधी समुद्राकाठी गेलात आणि पहिली लाट पायांना भिजवून गेली, तर बिनखिडकीच्या खोलीत बसून वजनं लिहिणाऱ्या त्या आत्याची तेवढी आठवण काढा.