सात नंबरची ओ

देवापुढे निरांजन लावून मगच हे लिहायला बसलेय. त्यामुळे पदरचं काही घालणार नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

ठिकाण मरोळ. मार्गशीर्षातला गुरुवार. वेळ तिन्हीसांजेची.

मी ज्या कंपनीत आहे, तिची वेबसाइट लोकांना ॲम्ब्युलन्स बुक करून देते. मागे आठ सर्व्हर आहेत. त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर. आलेलं काम तो सगळ्यांना वाटून देतो, आणि मधूनमधून प्रत्येकाला हाक मारून बघतो... आहेस ना?

उत्तर आलं की माझ्या स्क्रीनवर हिरवा ठिपका.

लागोपाठ तीन हाकांना उत्तर नाही, तर तो मेला असं धरायचं. लाल ठिपका. रांगेतून बाहेर.

हे ठिपके सांभाळणं माझं काम.

ही सगळी व्यवस्था चंद्रप्रकाश सरांनी बसवलेली. सर आमच्या कणकवलीकडचे. इतरांचे सर्व्हर 'ओके' म्हणतात, सरांनी आमच्यांना 'ओ' म्हणायला लावलं होतं. "हाकेला ओ नको गं?" म्हणायचे.

गेल्या वर्षी सर त्याच सर्व्हर रूममध्ये गेले. हार्ट अटॅक. आत एसीचा घोंघाट इतका, की त्यांनी हाका मारल्याही असतील... बाहेर कुणाला ऐकू आल्या नाहीत.

तर त्या गुरुवारी दुपारी सात नंबरचा सर्व्हर बंद पडला. माझ्याबरोबर काम करणाऱ्या सम्यकने तो सर्व्हर रूममधून काढून माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"घे ताई, उपासाला चालेल ना?"

"गप रे. सणावाराचं मेलेलं काय समोर ठेवतोस?"

सूर्य मावळला की जपाची माळ पुरी होईपर्यंत मी बोलत नाही. रोजचा नेम आहे. ऑफिसात ज्योत पेटवता येत नाही, म्हणून बॅटरीची पणती ठेवते.

"चार्ज केलीस ना पणती? नाहीतर देव ऑफलाइन जाईल तुझा," सम्यक म्हणाला. मी हसून माळ हातात घेतली.

अर्धी माळ झाली असेल...

सातचा ठिपका हिरवा झाला.

मी सम्यकचा खांदा हलवला. त्याने पान पुन्हा उघडलं. हिरवाच.

आलेलं उत्तर उघडलं. एकच अक्षर... 'ओ'.

सम्यकने टेबलावरचा सातचा डबा उचलून उलटा केला. एक वायर नव्हती त्याला. "हा तर इथे आहे यार. मग तिकडे ओ कोण देतंय?"

आणि सातकडे काम जायला लागलं होतं. गोवंडीच्या एका बाईंनी वडिलांसाठी गाडी मागितली होती. ती मागणी सातकडे गेली आणि गडप झाली. सम्यकने सातला हाताने रांगेबाहेर काढलं, गाडी पाठवली, बाईंना फोन लावला.

त्या म्हणाल्या, "आत्ताच तर तुमचे साहेब बोलले. म्हणाले, थांबा, कोणीतरी ओ देईलच."

सम्यकने फोन खाली ठेवला.

तेवढ्यात... एसीचा घोंघाट थांबला.

कुलूप लावलेल्या सर्व्हर रूममधून हलकी हाक आली.

"सम्यक..."

माझी आई सांगायची, "तिन्हीसांजेक एका हाकेक ओ दिव नको गो चेडवा. भूत एकदाच हाक मारता. माणूस तीनदा मारता."

मी झटकन सम्यकचं मनगट धरलं. पण त्याच्या तोंडून सवयीने गेलंच...

"ओ, आलो."

एसी पुन्हा सुरू झाला.

कुलूप काढून पाहिलं. आत कोणी नव्हतं. सातची जागा रिकामी होती.

दुसऱ्या दिवसापासून तिन्हीसांजेला सम्यकचा फोन वाजू लागला. अनोळखी माणसं. एकच प्रश्न.

"गाडी कधी येणार?"

त्याने सिम बदललं. मग फोनच बंद करून टाकला. तरी वाजायचा. आता तो घाटकोपरला घरीच असतो, औषधं चालू आहेत. त्याची आई सांगते, अंधारून आलं की हा भिंतीकडे तोंड करून बसतो. आणि सारखा म्हणतो... ओ. ओ. ओ.

जो ओ देतो, त्याच्याकडे काम जातं. आमचा नियमच आहे तो.

परवा मी एकटी होते. माळ हातात.

एसी थांबला.

"श्रुतिका..."

मी ओठ घट्ट मिटले. भूत एकदाच हाक मारतं.

"श्रुतिका..."

आवाज सम्यकचा होता. पण सम्यकने मला कधी नावाने हाक मारली नाही. ताईच म्हणतो.

"श्रुतिका..."

तीन.

मी ओ दिली नाही. एसी सुरू झाला. माळ पुरी केली, नमस्कार केला, घरी आले. वाटलं, नेमानेच वाचवलं.

मग रात्री जेवताना घास हातातच राहिला. तीन हाकांना ओ आली नाही, तर आमच्याकडे काय धरतात... ते आठवलं.

काल सकाळी ऑफिसच्या दारावरच्या मशीनने माझा अंगठा घेतला नाही.

"बोट पुसून लावा मॅडम," वॉचमन काशीराम म्हणाले.

पदराला पुसून लावला. पुन्हा लावला. पुन्हा.

तिन्ही वेळा... लाल.