धुतलेला कोळसा

“चांगला कोळसा द्या,” मी म्हणाले.

“वाईट आम्ही ठेवतच नाही.”

आवाज वखारीतल्या पोत्यांच्या थप्पीमागून आला. मग नेहमीच्या म्हाताऱ्या मालकांऐवजी एक उंच माणूस उभा राहिला. तिशीच्या आतबाहेरचा, कपाळावर काजळीचा हा एवढा पट्टा, आणि डोळे असे, की आत्ताच कुणीतरी विनोद सांगून गेलंय.

मला चेष्टेखोर दुकानदारांचा मनापासून राग येतो. त्यात मी लॅबमधून आठ तास रक्ताच्या नळ्या तपासून तशीच आले होते, पांढरा कोट अंगावर.

“कशासाठी हवाय?” त्याने विचारलं.

“पेटवायला.”

“ते कळलं हो. पण काय भाजणार? किती माणसांसाठी? किती वेळ?”

कोळशालाही एवढी चौकशी असते हे मला कुठे माहीत! आमच्या मागच्या अंगणातली जाळीची शेगडी म्हणजे बाबांचं राज्य. दुसऱ्या कुणी चिमट्याला हात लावलेला त्यांना खपत नाही. पण यंदा जिन्यावरून घसरून त्यांचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं आणि रविवारी बाराजण जेवायला येणार होते. “काकाला सांगतो पेटवायला,” बाबा म्हणाले. काका म्हणजे अर्धी बाटली रॉकेल! मागे एकदा त्याने पेटवलं होतं, तर काकूला दोन दिवस रॉकेलचे ढेकर येत होते. तेव्हा मी टेबलावर हात आपटून म्हणाले, “मी पेटवीन. एकटी. कुणाच्या मदतीशिवाय.” दादा एवढा हसला, एवढा हसला, की आता माघार घेणं म्हणजे जन्मभराचं चिडवणं.

“कोंबडी, मक्याची कणसं, बटाटे,” मी म्हणाले. “बाराजण. आणि हो, नाक कापलं जाता कामा नये.”

त्याने कोळशाचे दोन तुकडे उचलले आणि एकमेकांवर आपटले. टण्ण!

“हा लाकडी कोळसा. असा वाजला तर समजायचं, आतपर्यंत जळलेला आहे. बद्द वाजला तर तो नुसता धूर करणार. लवकर पेटतो, तापतो पण रागीट… लवकर संपतो.” त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “आणि या दाबून केलेल्या वड्या. पेटायला वेळ घेतात, पण तासभर एकसारख्या धगीवर राहतात. तुम्ही दोन्ही घ्या. रागीट आधी, शांत नंतर.”

“सल्ला मागितला नव्हता,” मी म्हणाले. आणि दोन्ही घेतले.

आता पुढचं सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. घरी येऊन पोतं उघडलं तर आत काळा भुगा, धूळ, काय काय. ज्यावर आपण जेवण भाजणार, ते इतकं घाण? मी लॅबमधली बाई. नळीसुद्धा तीनदा धुतल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी मोठं घमेलं काढलं आणि… कोळसा धुतला.

आई मागच्या दारात उभी राहून बघत होती. “साबण तरी लावला नाहीस ना?”

“थोडासाच,” मी म्हणाले.

आईने कपाळाला हात लावला आणि आत गेली.

गुरुवारी मला सुट्टी होती. म्हटलं, रंगीत तालीम करून बघू. कोळसा वरून अगदी सुकलेला दिसत होता. मी कागद पेटवला, काडी लावली, फुंकलं. आतून चर्र चर्र आवाज आला आणि असा धूर सुटला, की शेजारच्या आजींनी भिंतीवरून विचारलं, “काही जळतंय का गं?” जळत असतं तर काय हवं होतं! पाऊण पेटी काड्या संपल्या. खिडकीतून बाबा म्हणाले, “राहू दे, बाळ. काकाला फोन करतो.”

ते ‘बाळ’ मला फार लागलं. मी उरलेला कोळसा पिशवीत कोंबला आणि तरातरा वखार गाठली.

“फसवलंत तुम्ही! ओला कोळसा दिलात!”

त्याने एक तुकडा घेतला, मोडला, नाकाशी नेला. भुवया हळूहळू वर गेल्या.

“याला… लिंबाचा वास का येतोय?”

मी वरच्या पत्र्याकडे पाहिलं.

“भांड्यांच्या साबणाचा वास आहे हा,” तो अगदी हळू म्हणाला. “तुम्ही… धुतलात?”

“घाण होता तो!”

तो पोत्यावर बसला. आधी खांदे हलले, मग तोंडावर हात गेला, मग तो इतका हसला, की डोळ्यांतलं पाणी काजळीतून वाट काढत खाली आलं. मी भयंकर चिडले. पाच-सहा सेकंद तरी चिडलेली राहिले. मग मलाही हसू फुटलं आणि काही केल्या आवरेना.

“कोळसा पाणी पितो हो,” शेवटी तो म्हणाला. “वरून सुकतो, आत तसाच ओला. आठवडाभर उन्हात ठेवलात तरच काही आशा. या मागे, दाखवतो.”

वखारीच्या मागच्या मोकळ्या जागेत त्याने तेलाचा एक रिकामा डबा घेतला. दोन्ही तोंडं कापलेली, बुडाकडे खिळ्याने पाडलेली भोकं, मध्ये जाळी. डबा विटांवर ठेवला, खाली कागदाचे बोळे, वर कोळसा. खालून एकच काडी.

“झालं,” तो म्हणाला.

“रॉकेल?”

“नाही.”

“वारा घालायचा?”

“नाही. वीस मिनिटं थांबायचं. लोकांना तेवढंच जमत नाही.”

आम्ही थांबलो. दोन उलटे डबे, त्यांवर आम्ही दोघं, मधे हात-दीड हात अंतर. तो काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता, दुसऱ्या शहरात. मामांच्या, म्हणजे त्या म्हाताऱ्या मालकांच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून पंधरा दिवस वखार सांभाळायला आलेला.

“काय बनवता तिथे?”

“बरण्या, बाटल्या. लॅबच्या नळ्यासुद्धा.”

“म्हणजे मी रोज धुते त्या?”

“तरीच त्या बिचाऱ्या झिजलेल्या असतात!”

मी त्याला कोळशाचा तुकडा फेकून मारला. त्याने तो झेलला… आणि परत दिला नाही. डब्याच्या वरच्या तुकड्यांच्या कडा तोवर पांढुरक्या होत आल्या होत्या. धूर थांबला होता. एवढं सरळ काम, आणि मी सकाळपासून जीव काढत होते.

“रविवारी दुपारी चारची गाडी आहे माझी,” तो म्हणाला. “सोमवारी पहाटे पाळी.”

म्हणजे अवघे तीन दिवस. आणि मी शहाणी काय म्हणाले? “बरं. नीट जा.”

शुक्रवारी मी नवा, कोरडा कोळसा आणि तो डबा आणायला गेले. शनिवारी आणखी वड्या आणायला. आई म्हणाली, “अगं, कोंबडी भाजायची आहे की घर?” दादा काहीतरी बोलणार होता, पण माझा चेहरा बघून त्याने विचार बदलला.

शनिवारी निघताना तो म्हणाला, “उद्या काही अडलं तर… मी तीनपर्यंत इथेच आहे.”

‘तुम्हीच या ना जेवायला,’ एवढे चार शब्द जिभेवर आले होते. पण मी सगळ्यांना ऐटीत सांगितलं होतं ना, एकटी पेटवीन म्हणून! त्याला बोलावलं असतं, तर दादा म्हणाला असता, बघा, आणला की नाही मदतनीस.

“काही अडणार नाही,” मी म्हणाले आणि मागे न बघता चालू लागले. कोपऱ्यावर पोचेपर्यंत मला स्वतःची मान मुरगाळावीशी वाटत होती.

रविवारी साडेबाराला सगळे अंगणात गोल करून उभे. मी डबा विटांवर ठेवला, बोळे कोंबले, काडी लावली आणि हात बांधून उभी राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. नुसता धूर.

काका बाटली घेऊन पुढे सरकला. “एकच घोट घालतो गं. भडका उडाला की काम झालं!”

“काका, बाटली घेऊन तिथेच थांब,” मी म्हणाले. “एक पाऊल पुढे आलास तर तुला उपाशी घरी पाठवीन.”

एकट्या काकूने टाळ्या वाजवल्या.

पंधराव्या मिनिटाला डब्यात मंद लाली दिसू लागली. विसाव्याला वरच्या तुकड्यांवर पांढरी कड. मी जाड हातमोजे घालून डबा शेगडीत रिकामा केला आणि लालभडक निखारे खळखळत पसरले. वर वड्या रचल्या. बाबा डाव्या हाताने माझी पाठ थोपटत म्हणाले, “बाळ नाही हो, उस्ताद!” कोंबडी सुरेख झाली. कणसं उरली नाहीत. दादाने तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि ते मान्यही केलं. आणखी काय हवं माणसाला?

सव्वातीन झाले होते. मी फाटकाकडे पंधराव्यांदा पाहिलं असेन. आणि तेव्हा मला लख्ख कळलं. आग पेटवायला तो लागला नाही. कशालाच लागला नाही. तरीही तो इथे हवा होता, इतका हवा होता, की माझं ताट तसंच गार होत होतं.

“बाबा, चिमटा धरा,” मी म्हणाले.

“डाव्या हाताने?” बाबांनी तो इतक्या झटकन घेतला, की आठवडाभर ते त्याचीच वाट बघत असणार.

स्टँडवर मी धावतच पोचले. चारला दहा मिनिटं. केसांना धुराचा वास, गालाला काजळी, पायात घरातल्या चपला. तो रांगेत तिसरा होता, खांद्यावर बॅग. मला बघून रांगेतून बाहेरच आला.

“काय अडलं? पेटत नाहीये का?”

“पेटलं. एका काडीत.”

“मग… धग कमी पडली?”

“नाही. सगळं छान झालं. काहीच अडलेलं नाही.” मला दम लागला होता, तरी मी थांबले नाही. थांबले असते तर धीर सुटला असता. “तरी आले. तुम्ही मला आवडता. जाण्याआधी सांगायचं होतं. झालं सांगून.”

गाडी आली. लोक चढले. कंडक्टर दारातून ओरडला, “ओ साहेब, येताय का?”

तो माझ्याकडे बघत होता. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती.

“मी काल रात्रभर विचार करत होतो,” तो म्हणाला, “की तुमच्या घरी कोणतं निमित्त काढून यावं. एकही धड कारण सुचेना.” मग कंडक्टरकडे वळून म्हणाला, “तुम्ही व्हा पुढे. मी सातच्या गाडीने येतो.”

“सातला उभ्याने जावं लागेल!”

“जाईन,” तो म्हणाला. कंडक्टर काहीतरी पुटपुटला आणि गाडी निघून गेली.

आम्ही घरापर्यंत चालत आलो. अर्ध्या वाटेत त्याने माझा हात धरला आणि मीही तो घट्ट धरून ठेवला. फाटक उघडलं तशी अंगणातली सगळी तोंडं आमच्याकडे वळली.

“हा कोण?” काकाने विचारलं. “आग पेटवायला आणलास की काय?”

आठवड्यापूर्वी मी या प्रश्नाला घाबरले असते.

“नाही,” मी म्हणाले. “आग माझी मी पेटवली. हा मला आवडतो, म्हणून आणलाय.”

दादाच्या हातातला घास तोंडाशीच राहिला. आणि माझ्या शेजारी उभा असलेला तो तर पार कानापर्यंत लाल झाला, भट्टीवरचा माणूस असून! बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग शेगडीकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. आणि चिमटा त्याच्यापुढे धरला.

“तो शेवटचा तुकडा उलटा,” बाबा म्हणाले. “माझा हात दुखायला लागलाय.”

बाबांनी आजवर तो चिमटा घरातल्या कुणाला आपणहून दिला नव्हता. आई आत गेली आणि आणखी एक ताट घेऊन आली.