जास्तीचा रकाना

सकाळी नऊला इर्मा माते घ्यायची, तिकडचा पाल्याचा चहा, बिनसाखरेचा, कडू, आणि पडद्यावर डेटाबेसचे दोन ढाचे शेजारी शेजारी लावायची. डावीकडे ऑफिसातली नक्कल, उजवीकडे माँतेविदेओच्या एका रुग्णालयात चालू असलेला खरा डेटाबेस. कुठल्या तक्त्यात कुठला रकाना कमीजास्त आहे, ते सॉफ्टवेअर लाल रंगात दाखवायचं. बटण दाबलं की उजवी बाजू डावीसारखी व्हायची. जास्तीचं सगळं पुसलं जायचं.

तिचा वरिष्ठ ऑस्वाल्दो बटण दाबण्याआधी प्रत्येक लाल ओळ वाचायचा. कुणाचंही नाव टाईप केलं की पुढे टिंब द्यायचा. "कारकून कुठचा!" म्हणून इर्मा त्याला चिडवायची.

मार्चमध्ये तो थर्मासमध्ये गरम पाणी भरायला गेला. त्याच्या खुर्चीत बसून इर्माने न वाचताच बटण दाबलं. औषधांच्या ॲलर्जीचा रकाना माहितीसकट उडाला. दुपारी परत आणला, पण तोवर एका शिवणकाम करणाऱ्या बाईला नको ते इंजेक्शन दिलं गेलं होतं. ती गेली.

संगणक ऑस्वाल्दोचा, म्हणून खापर त्याच्या डोक्यावर. त्याने खरं सांगितलं. साहेबांनी इर्माला विचारलं, तर तिने सरळ कानांवर हात ठेवले. त्याची नोकरी गेली, खुर्ची तिला मिळाली. जुलैत तो हाय खाऊन मेला.

त्याला पुरलं, त्यानंतरच्या सोमवारी उजवीकडे एक लाल ओळ आली. रुग्णांच्या तक्त्यात जास्तीचा रकाना: 'कोण'.

"येनी, हा चावटपणा कुणाचा गं?" तिने शेजारच्या टेबलावरच्या सहकारणीला विचारलं.

"मला काय विचारतेस बाई? तिथे हात घालायची परवानगी तुला एकटीलाच आहे."

इर्माने तो पुसला. मंगळवारी परत होता. बुधवारीही. शुक्रवारी तर ती बघत असतानाच आला.

त्याच दुपारी ऑस्वाल्दोची बायको दारात उभी राहिली.

"चूक त्याची नव्हती, एवढी एक ओळ लिहून दे, इर्मा. पोरं शाळेत मान खाली घालून जातात."

"मला काहीच माहीत नाही, एल्सावहिनी."

"शेवटपर्यंत त्याने तुला एक शिवी दिली नाही. मी देते. वाटोळं होईल तुझं."

सोमवारी लाल ओळ नव्हती. फरक: शून्य.

सुटले बाई एकदाची! तिने माते ओतला. तरी खात्रीसाठी उजवी बाजू उघडली.

रकाना होता.

डावी उघडली. तिच्या स्वतःच्या नकलेत.

तिथेही होता. दोन्हीकडे सारखाच. पुसायला आता फरकच उरला नव्हता.

हजारो रुग्णांपुढे तो रिकामा होता. फक्त त्या शिवणकाम करणाऱ्या बाईपुढे भरलेला: इर्मा.

आणि नावापुढे टिंब.